डावीकडची लाल रेघ

पेशंटने काही द्यायला हात पुढे केला की आमच्या पेशात आधी मनात येतं ते, घ्यावं की नको. पैशांचं पाकीट असेल तर विचारही करावा लागत नाही, ते परत जातं. महागडी वस्तू असली तरी तेच, फक्त परत करताना समोरच्याचा मान राखावा लागतो आणि ते जमायला काही वर्षं जातात. ज्यांचे उपचार अजून चालू आहेत त्यांच्याकडून तर काहीच घेऊ नये, असं मी हाताखालच्या विद्यार्थ्यांना बजावून सांगते. देणाऱ्याच्या मनात कुठेतरी आशा असते, आता माझ्याकडे जरा जास्त लक्ष देतील. आणि ज्याला काही देणं परवडत नाही, त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मनात भीती असते. या दोन्ही गोष्टी उपचारांच्या खोलीत येता कामा नयेत.

पण उपचार संपून बराच काळ लोटलाय, आता कुणाचं कुणाकडे काही अडलेलं नाही, आणि माणूस स्वतःच्या हाताने केलेलं चित्र घेऊन दारात उभा आहे. अशा वेळी कुठला नियम लावायचा? मी लावला नाही. चित्र घेतलं. आज त्या चित्राबद्दल लिहायचं आहे, आणि जाता जाता पेशंटने डॉक्टरला दिलेल्या आणखी काही चित्रांबद्दल. हे चित्र हाती आल्यापासून तीही मला वेगळी दिसू लागली आहेत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्ट्रोक, अपघात, मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन अशा कारणांनी ज्यांचं रोजचं जगणं अडलंय, त्यांना अंघोळ, कपडे, लिहिणं-वाचणं, आपापला कामधंदा पुन्हा करता यावा म्हणून आम्ही खपतो. ज्यांनी चित्र दिलं ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हाताला ब्रश लागला तेव्हापासून तेच काम. आमच्या हॉलमध्ये सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचे, इथेही मी तेच म्हणेन. तुमच्या चित्राबद्दल लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहा की. नाव मात्र नको. नाव ज्याची पाटी त्याचं."

काकांच्या मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार मेंदूचा उजवा अर्धा बघतो, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय लुळे पडले. एवढं कुणालाही दिसतं. जे दिसत नाही आणि घरच्यांना जास्त हादरवतं, ते वेगळंच असतं. आम्ही त्याला निग्लेक्ट म्हणतो. माणसाचं डाव्या बाजूचं भानच जातं. डोळ्यांत दोष नसतो. डावीकडची वस्तू डोळ्यांना दिसू शकते, पण तिकडे लक्ष वळतच नाही, आणि वळत नाहीये हेही त्या माणसाला कळत नाही. ताटाच्या उजव्या अर्ध्यातलं संपतं आणि तक्रार येते की पोटभर वाढलंच नाही. दाढी अर्ध्या चेहऱ्याची होते. शर्टाची उजवी बाही चढते, डावी लोंबत राहते, आणि माणूस तयार होऊन बसतो.

काकूंना पहिल्यांदा रडू फुटलं ते लुळ्या हाताकडे बघून नव्हे. त्या काकांच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून त्यांना हाक मारत होत्या, आणि काका उजवीकडच्या मोकळ्या भिंतीकडे बघून म्हणत होते, "अगं, कुठे आहेस तू?"

आमची एक साधी चाचणी आहे. कागदावर वर्तुळ काढून द्यायचं आणि त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगायचं. काकांनी पेन्सिल हातात घेतली आणि बारा, एक, दोन, तीन असे आकडे इतक्या सुबक वळणाने काढले की माझ्यासोबतची विद्यार्थिनी कौतुकाने पुढे वाकली. सहानंतर सात, आठ, नऊ हेसुद्धा उजव्याच अर्ध्यात, एकमेकांना खेटून, दाटीवाटीने बसले. वर्तुळाचा डावा अर्धा कोरा. मी विचारलं, "झालं काका?" "झालं." आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. ज्या माणसाने सगळी उमर पाटीची लांबी मोजून तिच्यात अक्षरं सारख्या अंतराने बसवण्यात घालवली, त्याच्या तोंडचं ते "झालं" मला फार लागलं होतं.

आणि तो हात. एकदा उजव्या हाताने मांडीवरची चादर नीट करताना त्यांच्या बोटांना स्वतःचाच डावा हात लागला. त्यांनी तो चाचपून पाहिला आणि मला म्हणाले, "मॅडम, हा कुणाचा तरी हात इथे राहिलाय." हे वेड नव्हे, गंमत तर नव्हेच. स्वतःचा लुळेपणा स्वतःला उमगत नाही, अशी अवस्था मेंदूच्या उजव्या भागाच्या दुखापतीत दिसते. फ्रान्समधले मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी 1914 साली तिला नाव दिलं, अनोसॉग्नोसिया. हात आपला नाहीच असं वाटणं ही त्याच्याही पुढची पायरी. घरच्यांना हे समजावून सांगताना माझी दर वेळी कसोटी लागते. त्यांना वाटतं माणूस भ्रमिष्ट झाला. खरं तर तो त्याला जेवढं जग मिळतंय तेवढ्याचा प्रामाणिक हिशेब देत असतो.

या अवस्थेवरचा एक प्रयोग मला आजही थक्क करतो, आणि काकांच्या चित्रासाठी तो सांगायलाच हवा. 1978 साली इटलीत बिसियाक आणि लुझात्ती या दोन संशोधकांनी निग्लेक्ट असलेल्या पेशंटना मिलान शहरातला कॅथेड्रलचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. पेशंट त्याच शहरातले, चौक त्यांच्या नेहमीच्या बघण्यातला. आधी सांगितलं, चौकाच्या एका टोकाला उभे आहात, कॅथेड्रलकडे तोंड आहे, काय काय दिसतं? पेशंटनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या, डाव्या बाजूच्या गाळल्या. मग सांगितलं, आता मनानेच पलीकडे जा, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि उलट दिशेला बघा. आता मघाशी गाळलेल्या इमारती भराभर आल्या, आणि मघाशी सांगितलेल्या गायब झाल्या! म्हणजे आठवण शाबूत होती, सगळा चौक मनात होता. पण मनातल्या चौकाकडे बघतानाही त्याचा डावा अर्धा सुटत होता. निग्लेक्ट हा डोळ्यांचा प्रश्न नाही हे याहून स्वच्छ मला कुणी समजावलेलं नाही.

उपचार मात्र दिसायला अगदी साधे असतात. पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड लाल रेघ मारायची. नियम एकच, लाल रेघ सापडल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही. डावीकडे नजर आपोआप जात नाही, म्हणून ती मुद्दाम, ठरवून, रेघेपर्यंत न्यायची. 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डिलर, वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजर फिरवायला शिकवण्याच्या या पद्धतीवर पायाभूत काम केलं. पुढे 1998 साली फ्रान्समध्ये रोसेत्ती आणि मंडळींनी समोरचं दृश्य बाजूला सरकवणाऱ्या प्रिझमच्या चष्म्याचा उपयोग दाखवला. इतरही मार्ग आहेत. पण आमच्या हॉलमध्ये रोजच्या वापरात आहे ती लाल रेघच. पानावर, ताटाखालच्या कागदावर, टेबलाच्या कडेला लाल चिकटपट्टी. नातेवाइकांची खुर्चीसुद्धा आम्ही मुद्दाम पेशंटच्या डावीकडे ठेवतो. काम कंटाळवाणं आहे, पेशंट चिडतात, नातेवाईक थकतात. "काका, रेघ शोधा." "सापडली." "अजून डावीकडे." "सापडली म्हटलं ना!" ती रेघ नसायची, पुस्तकाची घडी असायची. मग पुन्हा.

गाडी पुढे सरकली ती ब्रशमुळे. काकांच्या मते त्यांना काही झालेलंच नव्हतं, उजवा हात चालतोय म्हणजे काम चालू करता येईल. मी म्हटलं, चला, करू या. काकूंनी घरून ब्रश आणि रंग आणले. काकांनी ब्रश धरला, पाटीला लावला, आणि अक्षराची उभी रेघ वेडीवाकडी गेली. उजव्या हाताला काही झालं नव्हतं, तरीही. ते ब्रशकडे बघत राहिले. पाट्या रंगवणाऱ्यांना काम करताना तुम्ही पाहिलं असेल, डाव्या हातात एक बारीक काठी असते, तिचं टोक पाटीच्या कडेला टेकवलेलं, आणि त्या काठीवर उजवं मनगट विसावलेलं. सगळी सफाई त्या टेकूची असते. काकांच्या मनगटाला टेकू नव्हता. बराच वेळ गेला, मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझा डावा हात कुठाय?" आणि मान वळवून, स्वतःहून, डावीकडे शोधू लागले.

तो प्रश्न मी केसपेपरवर शब्दशः लिहून ठेवला होता.

त्यानंतर काठीला स्पंज गुंडाळून जाड मूठ केली, ती डाव्या मुठीत पट्ट्याने बांधली, आणि हाताने फक्त स्थिर राहायचं एवढंच काम त्याला दिलं. हळूहळू पट्टा सैल होत गेला. निग्लेक्टही ओसरत गेला. पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या काही महिन्यांत तो आपणहूनही बराच कमी होतो, म्हणून सगळं श्रेय उपचारांना देणं मला पटत नाही. पूर्ण गेला का? घरी जाताना काका दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासूनच बाहेर पडले.

आमच्या कामात एक गोष्ट कधीच पुरी होत नाही. माणूस घरी जातो, काही दिवस फॉलोअपला येतो, मग अंतर, खर्च, सोबत यायला कुणी नाही, अशा कारणांनी येणं थांबतं. केसपेपरवरची शेवटची ओळ ही आमच्यासाठी त्या माणसाच्या गोष्टीची शेवटची ओळ ठरते. पुढे काय झालं हे कळतच नाही. काकांचंही तसंच झालं होतं. म्हणून एका दुपारी पायात स्प्लिंट घालून, काठी टेकत काका आणि मागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी सांभाळत काकू हॉलमध्ये आल्या, तेव्हा चादर उघडण्याआधीच मला भरून आलं होतं.

आत हार्डबोर्ड होता, त्यावर इनॅमलने रंगवलेला आमचा थेरपी हॉल. कॅनव्हास नाही, जलरंग नाहीत. ज्यावर पाटी रंगवायची त्याच फळीवर, त्याच रंगात.

उजवीकडून सुरुवात करते, कारण चित्रच तसं बघायला लावतं. उजव्या टोकाला खिडकी, तिचे गज, गजांच्या फरशीवर पडलेल्या सावल्या. त्याखाली आमची मांडणी, तिच्यावर रंगीत शंकू आणि खुंट्यांची फळी. भिंतीवरच्या सूचनाफलकाची अक्षरं एवढीशी आहेत, तरी जवळ जाऊन वाचता येतात. शिरोरेषा सुतात, जोडाक्षरांची वळणं भरीव, कुठे ओघळ नाही. जन्मभर पाट्या रंगवलेल्या माणसाचा हात तो. मध्यावर टेबल येतं. टेबलाची कड उजवीकडून डावीकडे येते आणि एका जागी थांबते. विरत नाही, पुसट होत नाही. थांबते. तिच्यापुढे काही रंगवलेलंच नाही, फळीचा उघडा तपकिरी पृष्ठभाग आहे.

निग्लेक्टबद्दल लोक मला हमखास विचारतात, "म्हणजे डावीकडे त्यांना अंधार दिसतो का?" नाही. अंधार दिसायलाही तिकडे बघावं लागतं. आत्ता तुमच्या डोक्यामागे तुम्हाला काय दिसतंय? काळं दिसत नाही, पांढरं दिसत नाही, काहीच दिसत नाही आणि काही कमी आहे असंही वाटत नाही. तसं ते असतं. हे रंगवायचं कसं? काळा रंग लावला तर खोटं, पांढरा लावला तरी खोटं. काकांनी तिथे रंगच लावला नाही. फळी फळीच राहू दिली. विद्यार्थ्यांना शिकवताना मी जे समजावायला तासभर घेते ते या एका निर्णयात आहे.

अर्थात कुणी म्हणेल, डावा अर्धा कोरा राहिला तो आजारामुळेच राहिला असेल. असं झालेलंही आहे. जर्मन चित्रकार आंतोन रेडरशाइट यांना 1967 साली मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक आला. त्यानंतर त्यांनी स्वतःची व्यक्तिचित्रं काढायला घेतली. सुरुवातीच्या चित्रांत कॅनव्हासचा डावा भाग जवळजवळ रिकामा आहे, चेहरा अर्धाच उमटलेला. पुढच्या चित्रांत हळूहळू दुसरा अर्धा भरत जातो. एकामागून एक ती चित्रं बघणं म्हणजे मेंदूची भरपाई डोळ्यांनी बघणं आहे. दुसरे जर्मन चित्रकार लोव्हिस कोरिंथ यांना 1911च्या डिसेंबरमध्ये स्ट्रोक आला आणि डावी बाजू लुळी पडली, तरी 1925 साली मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. त्यांच्या नंतरच्या कामातही डाव्या बाजूच्या रेषा सुटल्याच्या, सरकल्याच्या खुणा अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. ही चित्रं आजाराची नोंद आहेत, चित्रकाराच्या मर्जीने झालेली किंवा मर्जीविरुद्ध.

काकांचं चित्र त्या जातीचं नाही, आणि त्याचा पुरावा चित्रातच आहे. फळीच्या अगदी डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, एक लाल रेघ आहे.

ज्याला डावीकडचं भान नाही त्याला ती रेघ तिथे मारता येणार नाही. आधी फळीची डावी कड सापडायला हवी, आणि मग तिच्यापासून बोटाच्या पेराएवढं अंतर राखून ब्रश वरून खाली यायला हवा. मी ती रेघ अगदी जवळून बघितली आहे. पट्टी लावून मारलेली नाही, सूत धरूनही नाही. दोन ठिकाणी ती किंचित सरकते आणि पुन्हा जागेवर येते. तिथे काठी धरलेला डावा हात थकला असणार, आणि थकून पुन्हा स्थिर झाला असणार. एका माणसाच्या डाव्या हाताचा याहून चांगला रिपोर्ट मला कुठल्याही यंत्राने दिलेला नाही.

म्हणजे तो कोरा भाग काकांनी ठरवून कोरा ठेवला होता. आता दिसत असताना, तेव्हाचं न दिसणं रंगवलं होतं. मी त्यांना विचारलं, "काका, तेव्हा कसं वाटायचं हे इतकं नेमकं आठवतं तुम्हाला?"

"छे," ते म्हणाले. "मला काही आठवत नाही. मला तेव्हा सगळं दिसतच होतं ना! हिला विचारून विचारून काढलंय."

काकू सांगू लागल्या. रोज दुपारी काका फळी घेऊन बसायचे आणि विचारायचे, टेबलावर माझा हात कुठवर जायचा? मांडणी दिसायची का मला? तू कुठे बसायचीस? काकू बोटाने दाखवायच्या, इथवर हात न्यायचात, याच्या पलीकडे नाही. जिथे त्यांचं बोट थांबलं तिथे काकांनी टेबलाची कड थांबवली. त्या चित्रातली सीमारेषा काकूंच्या आठवणीने आखलेली आहे. नवऱ्याला आपण दिसत नव्हतो ते दिवस त्यांनी पुन्हा एकदा, शेजारी बसून, इंचाइंचाने मोजून दिले. चित्रावर काकांचा हात फिरला आहे, पण ते दोघांचं आहे असं मी मानते, आणि कुणी विचारलं तर तसंच सांगते.

कोऱ्या भागात एकच गोष्ट रंगवली आहे. लाल रेघेच्या थोडं अलीकडे, कशालाही न टेकलेला, मनगटापासून पुढचा एक हात. पालथा पडलेला. नखं, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, फुगलेल्या शिरा, सगळं आहे. सबंध चित्रात सर्वांत जास्त वेळ या हातावर गेला असणार. तो कुणाच्या सांगण्यावरून काढला, असं मी विचारलं नव्हतं. काका आपणच म्हणाले, "हा मात्र मला आठवतो. कुणाचा तरी हात पडलाय, एवढं आठवतं."

हे ऐकल्यानंतर मी स्पॅनिश चित्रकार गोयाचं एक प्रसिद्ध चित्र पुन्हा उघडून बसले. 1819च्या अखेरीस फ्रान्सिस्को गोया गंभीर आजारी पडला, वय 73. डॉक्टर आरिएता यांनी त्याला वाचवलं. बरा झाल्यावर 1820 साली गोयाने दोघांचं चित्र काढलं आणि डॉक्टरांना दिलं. आज ते अमेरिकेत मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. अंथरुणावर अर्धवट बसवलेला गोया, मान कलंडलेली, हातांनी पांघरूण घट्ट धरलेलं. मागून डॉक्टरांनी त्याला एका हाताने सावरलं आहे आणि दुसऱ्या हाताने औषधाचा पेला पुढे केला आहे. पाठीमागे अंधारात धूसर चेहरे. खाली मजकूर लिहिला आहे: ज्या कौशल्याने आणि काळजीने माझा जीव वाचवला त्याबद्दल माझे मित्र आरिएता यांना कृतज्ञतेने.

या चित्राबद्दल बोलताना सगळे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरच्या करुणेबद्दल बोलतात, आणि ती आहेच. पण आता मला गोयाचा चेहरा खिळवून ठेवतो. तो चेहरा गोयाने बघितलेला नव्हता. त्या अवस्थेत कुणी त्याच्यापुढे आरसा धरला नसणार. स्वतःचं ते शुद्धीच्या काठावरचं रूप त्याला नंतर उभं करावं लागलं, कुणाला विचारून, किंवा इतर आजाऱ्यांचे चेहरे आठवून. चित्र डॉक्टरांना दिलेलं आहे, मजकूर आभाराचा आहे, पण त्यातलं खरं काम मला आता दुसरंच वाटतं. आपण आपल्यात नव्हतो तो काळ परत मिळवायचा, आणि त्या काळाच्या साक्षीदाराच्या हाती द्यायचा. काकांनी हेच केलं. गोयाचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मी मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी पांघरूण धरलेल्या मुठींवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बरोबर काढलंय."

डॉक्टरांना पेशंटकडून मिळालेल्या चित्रांच्या गोष्टी बहुतेक वेळा किमतीच्या म्हणून सांगितल्या जातात. फ्रान्समधल्या आर्ल इथल्या रुग्णालयात चित्रकार व्हॅन गॉगवर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टर फेलिक्स रे यांना त्याने 1889 साली त्यांचंच व्यक्तिचित्र दिलं. ते घरात कुणाला आवडलं नाही, कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक झाकायला वापरलं गेलं असं सांगतात. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. पुढच्याच वर्षी त्याने काढलेलं डॉक्टर गाशे यांचं चित्र 1990 साली लिलावात 8.25 कोटी डॉलरना गेलं. या गोष्टी ऐकून लोक हळहळतात किंवा चकित होतात. मला त्यात फारसा रस नाही. ती डॉक्टरांची चित्रं आहेत, पेशंट त्यांच्याकडे बघतो आहे. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं 1951चं चित्र मला जास्त जवळचं आहे. मणक्याच्या अनेक ऑपरेशननंतर तिने डॉक्टर फारिल यांच्यासाठी ते काढलं. ती स्वतः व्हीलचेअरवर बसली आहे, शेजारी इझलवर डॉक्टरांचं चित्र आहे, आणि रंगांची पॅलेट असायची तिथे तिच्या हातात हृदय आहे. डॉक्टर आहेत, पण चित्रातल्या चित्रात.

काकांच्या चित्रात मी नाही. आमच्यापैकी कुणीच नाही. खिडकी आहे, मांडणी आहे, फलक आहे, टेबल आहे. याचं कुणाकुणाला वाईट वाटलं, "तुम्ही एवढं केलंत, तुम्हाला काढलं नाही?" मला ते फार योग्य वाटतं. आमचे केसपेपर पेशंटबद्दल असतात, आम्ही बाहेरून बघून लिहिलेले. हात किती अंश उचलला गेला, किती रेषा सुटल्या, कुठल्या आकड्यावर थांबला. या चित्राने मला त्याच महिन्यांची दुसरी नोंद दिली, माझ्या हस्ताक्षरात कधीच येऊ शकली नसती अशी. त्यात मी असते तर ती आभाराची झाली असती.

चित्र कुठे लावायचं यावर आमच्यात बोलणं झालं. प्रवेशद्वारापाशी लावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल, असं काहींचं मत होतं. मला ते पेशंटच्या नातेवाइकांना दाखवायचं होतं. वडील मुद्दाम हट्ट करतात, समोरची वाटी उचलत नाहीत, म्हणून चिडलेला एक मुलगा त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला होता. टेबलाची कड जिथे थांबते तिथे त्याने बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने वाटी उजवीकडे सरकवणं बंद केलं आणि वडिलांच्या डावीकडे खुर्ची घेऊन बसू लागला. मी त्याला आधी हे सगळं तोंडी सांगितलेलं होतं.

शेवटी चित्र हॉलमध्ये लावलं, निग्लेक्टचे पेशंट ज्या टेबलाशी बसतात त्याच्या डावीकडच्या भिंतीवर. म्हणजे ज्यांना ते दिसायला हवं त्यांनाच ते सुरुवातीला दिसत नाही. आम्ही त्याबद्दल पेशंटशी चकार शब्द बोलत नाही, नातेवाइकांनाही बोलू देत नाही. लाल रेघ, वाचन, ठोकळे, सगळं रोजचं चालू असतं. आणि मग कधीतरी काम करता करता पेशंट मान वळवतो आणि विचारतो, "हे चित्र नवीन लावलं का?" माझ्या चाचण्यांच्या आकड्यांबरोबर मी हा प्रश्नही आता तारीख घालून लिहिते. त्याला शास्त्रीय किंमत काही नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

हे सगळं सांगायला काकांना फोन केला. वाटलं, खूश होतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लावलंय किती उंचीवर?" मी म्हटलं, दाराच्या चौकटीच्या वरच्या रेषेत, बाकीच्या फ्रेम आहेत तिथे. "मग चुकलं," काका म्हणाले. "तिथे बसणारा माणूस व्हीलचेअरवर असतो. त्याची नजर कुठे येते ते आधी मोजा. खुर्चीत बसून बघा, डोळ्यांसमोर भिंतीवर खडूने खूण करा, आणि लाल रेघेचा मध्य त्या खुणेवर आणा." मग काकूंनी फोन घेतला आणि भिंतीवर ऊन कुठून येतं, इनॅमलवर चकाकी मारते का, हे विचारलं. चकाकी मारत होती, दुपारच्या वेळी. काकांनी मागून सांगितलं, वरच्या बाजूला खिळा आणि फळीच्या मध्ये लाकडाची चकती घाला, फळी पुढे झुकली की चकाकी जाईल. खिळा कुठल्या जाडीचा हवा तेही सांगितलं. मी सगळं कागदावर लिहून घेतलं, त्याच दुपारी खुर्चीत बसून खडूची खूण केली आणि खिळा खाली ठोकून घेतला.